रेसकोर्सवरून रायडिंग स्कूलमध्ये: एका कुमाईत घोड्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्याबाहेरची एक खासगी रायडिंग स्कूल. १४ घोडे, ४० बाय २० मीटरचा वाळूचा अरीना, कुंपण घातलेले दोन पॅडॉक. शिकायला येणारी बहुतेक शाळकरी मुलं, शनिवार-रविवारी काही मोठी माणसं. एप्रिलच्या अखेरीस, मुंबईचा हंगाम संपता संपता, तिथे एक थरोब्रेड, म्हणजे रेससाठी पैदास केलेल्या जातीचा घोडा, आला. वय ६ वर्षं, खच्ची केलेला, उंची १६ हँड (एक हँड म्हणजे चार इंच), टेपने मोजलेलं वजन ४५५ किलो. त्याचं नाव इथे देत नाही. रंगावरून त्याला कुमाईत म्हणू. चार हंगाम तो मुंबईत आणि पुण्यात पळाला होता. रेटिंग घसरत तळाच्या गटात आलं, तेव्हा मालकाने त्याला काढायचं ठरवलं.

असे घोडे दरवर्षी सुटतात. मुंबईचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल, पुण्याचा जुलैपासून पुढे. मधल्या दिवसांत मालक आणि ट्रेनर हिशेब करतात की कोणाचा खर्च पुढे ओढायचा. त्या वेळी चांगल्या बांध्याचा, तरुण घोडा अगदी नाममात्र किमतीत हाती लागतो. शिकवलेला, अंगात आलेला रायडिंगचा घोडा घ्यायचा तर त्याच्या कैक पट पैसे पडतात, म्हणून मोह होतोच.

शाळेची अपेक्षा साधी होती: दिवाळीच्या सुट्टीतल्या बॅचला घोडा तयार हवा. सहा महिने हातात आहेत, घोडा तबेल्यात गरीब वाटतो, पाठीवर माणूस घ्यायची सवय आहे, मग अडचण कसली? सुरुवातीचे बरेचसे चुकीचे निर्णय या एका तारखेपायी घेतले गेले.

त्याला काय येत होतं

रेसचा घोडा अडाणी नसतो. त्याला पक्कं शिकवलेलं असतं, फक्त रायडिंग स्कूलला हव्या त्या गोष्टींच्या नेमकं उलट.

लगाम आखडला की रायडिंग स्कूलचा घोडा हळू होतो. रेसचा घोडा त्याच लगामावर भार टाकतो आणि वेग घेतो. रायडर दोन्ही लगाम एकावर एक घेऊन मानेवर टेकवतो, तो घोड्याला टेकू असतो. रिकिबी आखूड करून रायडर पुढे झुकला की पळायचं. जिभेने चकचक आवाज केला की पळायचं. मागून टापा ऐकू आल्या की पळायचं. पायाने पोटाला इशारा देणं म्हणजे काय ते त्याला माहीतच नसतं, कारण राईडिंग बॉयचे (पहाटे घोडा पळवणाऱ्याचे) पाय खोगिराच्या वर दुमडलेले असतात. पाठीवर पूर्ण वजन टाकून कोणी बसलेलं नसतं. चढताना तर घोडा चालतच असतो. कोणीतरी राईडिंग बॉयचा गुडघा धरून त्याला वर फेकतो आणि स्ट्रिंग, म्हणजे व्यायामाला निघालेली घोड्यांची रांग, पुढे निघते. एका जागी उभं राहून, ओट्यावरून चढणाऱ्या माणसाची वाट पाहणं हे त्याच्या शिक्षणात कुठेच नव्हतं.

दिवसाचे २२-२३ तास खोलीत, पहाटे दीड-दोन तास बाहेर, खुराक तीन-चार वेळा, दाणा भरपूर आणि वैरण कमी. कुमाईत ज्या तबेल्यातून आला तिथे त्याला रोज साधारण ६ किलो दाणा मिळत होता (ओट, भिजवलेला हरभरा, शिजवलेले जव, वर गव्हाचा कोंडा) आणि वाळकं गवत जेमतेम ४-५ किलो.

अडचण

आल्यावर कुमाईतला १८ दिवस विश्रांती मिळाली. विश्रांती म्हणजे खोलीत उभा. अंग उतरू नये म्हणून शाळेने ६ किलो दाणा तसाच चालू ठेवला. जोडीला शाळेच्या रानातला हिरवा हत्तीघास, कारण तो घरचा होता. काम शून्य आणि दाणा पूर्ण, हा थरोब्रेडला बिघडवायचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. अंगात रग साठते ती वेगळीच. असा घोडा अचानक कामाला काढला तर पाठीचे आणि पुठ्ठ्याचे स्नायू आवळून जागच्या जागी अडकण्याचा धोकाही असतो. कुमाईत त्यातून सुटला.

मेच्या मध्यावर त्याच्यावर खोगीर चढलं. लक्षणं पहिल्या दिवसापासून होती. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) दुसऱ्या भोकापर्यंत नेईपर्यंत तो गप्प उभा राहायचा. तिसऱ्या भोकाला कान मागे जायचे, मान वळवून तो स्वतःच्या बरगडीकडे पाहायचा, चौथ्याला दात दाखवायचा. "नाटकं करतोय" असा तबेल्याचा निष्कर्ष होता. चढताना गोल गोल फिरायचा, म्हणून दोघांनी धरून ठेवायचं. वॉकमध्ये (साध्या चालीत) बरा, ट्रॉटमध्ये (दुडक्या चालीत) हाताला जड. दाणा अर्धवट सोडायचा, पण गवत हावरटासारखं खायचा. लीद मधूनमधून पातळ. ही सगळी लक्षणं वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या दिवशी पाहिली आणि कोणी एका वहीत लिहिली नाहीत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, संध्याकाळच्या वेळी, सहायक प्रशिक्षिका त्याला अरीनात ट्रॉट करवत होती. मागून दोन घोडे कॅंटर करत (ट्रॉटच्या वरच्या वेगाने) जवळून गेले. कुमाईत सुटला. तिने प्रतिक्षिप्तपणे दोन्ही लगाम आखडले आणि तोल सावरायला पुढे झुकली, म्हणजे नकळत त्याला रेसची पूर्ण आज्ञा दिली. ४० मीटरच्या अरीनात असा वेग म्हणजे प्रत्येक कोपऱ्यात मागचे पाय वाळूवरून घसरणार. चौथ्या फेरीला कठड्याजवळून म्हातारा साईस (घोड्यांची निगा राखणारा) ओरडला, "मॅडम, सोडा त्याला! धरू नका. धरलं की पळायचं, एवढंच त्याला ठाऊक आहे." तिने लगाम मानेवर टाकले, सरळ बसली, श्वास सोडला. अर्ध्या फेरीत घोडा ट्रॉटवर आला. उभा राहिला तेव्हा थरथरत होता. दुसऱ्या दिवशी त्याने तंग बांधूच दिला नाही.

हा साईस पूर्वी रेसच्या तबेल्यात होता. महिनाभर त्याला कोणी काही विचारलं नव्हतं.

समोरचे पर्याय

मालक, मुख्य प्रशिक्षक आणि घोड्यांचे डॉक्टर एकत्र बसले. पाच गोष्टी चर्चेला आल्या.

पहिली, जबर बिट (लगामाची तोंडातली लोखंडी कांडी). पेलम किंवा साखळीचा बिट लावला की घोडा हातात येईल, असं दोघांचं म्हणणं होतं. मुख्य प्रशिक्षकाने ते मोडून काढलं. ज्या घोड्याला ओढ म्हणजे वेग असं शिकवलंय, त्याच्या तोंडात ओढ जास्त लागणारी वस्तू घातली तर पहिले चार दिवस तो दचकून थांबतो, पाचव्या दिवशी दुखण्यापासून पळतो, नाहीतर मागच्या पायांवर उभा राहतो. उभा राहणारा घोडा मुलांच्या शाळेत कायमचा बाद.

दुसरी, विकून टाकणं. पण असा घोडा आहे त्या स्थितीत घेणारं गिऱ्हाईक म्हणजे वरातीवाला किंवा दलाल. मुंबईत २०१५मध्ये उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवल्यावर घोडागाडीचा धंदा आटला, पण वरातींचा आहेच. बँड, फटाके, एलईडीचे दिवे आणि गर्दी यांत असा घोडा म्हणजे कोणीतरी जखमी होणार हे ठरलेलं. मालकाने हा पर्याय स्वतःहून काढून टाकला.

तिसरी, बाहेरच्या व्यावसायिक ट्रेनरकडे तीन महिने पाठवणं. खर्च परवडला असता. पण परत आल्यावर इथल्या लोकांना तो घोडा कसा चालवायचा ते कळलंच नसतं. चौथी, कामातून काढून नुसता पोसणं. सहा वर्षांच्या घोड्यासाठी हे घाईचं होतं.

पाचवी, सगळं थांबवून पहिल्यापासून सुरू करणं, आणि त्याआधी दुखतंय का ते शोधणं. हीच निवडली. दिवाळीची तारीख मात्र मालकाने सोडली नव्हती. "बघू" एवढंच म्हणाले.

आधी दुखणं

डॉक्टरांनी पुढच्या दोन दिवसांत दात, पाठ, खूर आणि रक्त तपासलं. गालाकडच्या दाढांच्या कडा धारदार झाल्या होत्या. त्या कानशीने घासल्या. पाठीवर खोगिराखाली दोन्ही बाजूंना दाबलं की कातडी थरथरायची. सुरा या घोडमाशांमुळे पसरणाऱ्या रोगासाठी रक्त पाहिलं, कारण पावसाळ्याच्या तोंडावर या माशा वाढतात. ग्लँडर्सची चाचणी आधीच झालेली होती. घोडा नव्या तबेल्यात घेताना हा कागद पाहिल्याशिवाय घेऊ नये, कारण हा रोग माणसालाही होतो आणि पॉझिटिव्ह घोड्याला मारावंच लागतं.

खरा प्रश्न जठराचा होता. तंगाला चावणं, दाणा सोडणं, गवत खाणं, पातळ लीद: चारही बोटं अल्सरकडे दाखवत होती. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, खात असो वा नसो. गवत चघळताना तयार होणारी लाळ ते आम्ल सौम्य करते. वैरण कमी आणि दाणा जास्त झाला की लाळ कमी, आम्ल जास्त. त्यात रिकाम्या पोटी पळवलं की आम्ल जठराच्या वरच्या, अस्तर नाजूक असलेल्या भागावर उसळतं. शर्यतीच्या तयारीतल्या बहुसंख्य घोड्यांत हे सापडतं, त्यामुळे यात कोणा एका ट्रेनरला दोष देण्यासारखं फार नाही.

इथे पहिला खरा निर्णय होता: एंडोस्कोपी करायची की सरळ औषध सुरू करून फरक पडतो का ते पाहायचं? घोड्याच्या जठरापर्यंत जायला ३ मीटर लांबीचा स्कोप लागतो, तो सगळ्या डॉक्टरांकडे नसतो, खर्चही होतो. दुसऱ्या बाजूला महिनाभराचं औषधही स्वस्त नाही, आणि फरक पडला नाही तर महिना वाया. त्यांनी स्कोप निवडला. रात्रभर उपाशी ठेवून सकाळी तपासलं. ० ते ४ या मोजपट्टीवर ३ दर्जाचे व्रण जठराच्या वरच्या भागात निघाले.

औषध ओमेप्राझोल, दर किलोला ४ मिलिग्रॅम. ४५५ किलोच्या घोड्याला रोज १,८२० मिलिग्रॅम, २८ दिवस. पहाटे रिकाम्या पोटी द्यायचं आणि त्यानंतर अर्ध्या ते एका तासाने खायला घालायचं. माणसांच्या कॅप्सूलमधले दाणे कुटून पिठात कालवून देणारे लोक आहेत. त्याचा उपयोग जवळजवळ शून्य, कारण वरचं आवरण फुटलं की औषध जठरातल्या आम्लातच मरतं. घोड्यांसाठी बनवलेली पेस्टच वापरली.

खुराक बदलायला १२ दिवस घेतले. वजनाच्या २ टक्के सुकी वैरण, म्हणजे सुमारे ९ किलो, हे मूळ धरलं. त्यातलं मुख्य गवत मारवेल आणि पवन्याचं वाळकं, जाळीत घालून दिवसरात्र समोर. हिरवा लसूणघास ८ किलो. त्यातलं कॅल्शियम आम्लाला आवर घालतं. दाणा उतरवत दीड किलो ओटवर आणला, दोन वेळांत. मीठ ४० ग्रॅम. काम करण्याआधी अर्धा तास एक ओंजळभर लसूणघास, म्हणजे पोट रिकामं राहत नाही.

कोंडा आणि हत्तीघास दोन्ही बंद केले. हे इथे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या बऱ्याच तबेल्यांत ही जोडी सर्रास चालते. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. हत्तीघासात, म्हणजे संकरित नेपिअरमध्ये, ऑक्झलेट असतं, ते उरलेलं कॅल्शियमही बांधून टाकतं. गाई-म्हशींच्या पोटातले जंतू ऑक्झलेट बऱ्यापैकी पचवतात, घोड्याला ते जमत नाही. महिनोन्‌महिने हे चाललं की शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं. घोडा जागा बदलत लंगडतो, तोंडाची हाडं सुजतात. कुमाईतच्या बाबतीत तेवढी वेळ आली नव्हती. शाळेतल्या बाकी १३ घोड्यांचा हत्तीघासही याच निमित्ताने बंद झाला. घोडा आला नसता तर हे कधी लक्षात आलं असतं, सांगता येत नाही.

खूर हा आणखी एक सावकाश मामला. अ‍ॅल्युमिनियमच्या हलक्या नाला, पुढचं टोक लांब, टाच खाली गेलेली. अशा खुराने पायामागच्या टेंडनवर (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या बंधावर) ताण येतो. पण एका बैठकीत टोक कापून खूर सरळ करायला गेलं तर घोडा लंगडतो. नालबंदाने दर पाच आठवड्यांनी थोडं थोडं टोक मागे घेतलं, पुढे साध्या लोखंडी नाला मारल्या, मागचे पाय अनवाणी ठेवले. खुराचा कोन मनाजोगा व्हायला नऊ-दहा महिने गेले. जुलै-ऑगस्टमध्ये खुराच्या तळव्याच्या मऊ भागात सड लागली, रोज साफ करून, कोरडं करून पोव्हिडोन आयोडीन लावल्यावर तीन आठवड्यांत आटोक्यात आली.

पॅडॉकमध्ये सोडणंही शिकवावं लागलं. चार वर्षं खोलीत राहिलेला घोडा एकदम मोकळा सोडला तर तो धावतो आणि कुंपणात घुसतो. आधी पाच दिवस दोरीवर चरणं, मग लहान पॅडॉक, पोटभर गवत खाऊन झाल्यावर, पायांना बूट बांधून, शेजारी एक वयस्क शांत घोडी. पहिल्या दिवशी २० मिनिटं. ऑगस्टपर्यंत तो रोज सहा तास बाहेर राहू लागला.

जुलैच्या मध्याला पुन्हा स्कोप केला. व्रण भरत आले होते, दर्जा १. औषध एकदम न थांबवता मात्रा कमी करत सोडलं. तंगाला चावणं बंद झालं होतं. बरगडीकडे पाहणं मात्र सप्टेंबरपर्यंत राहिलं. आठवण दुखण्यापेक्षा जास्त टिकते.

पुन्हा पहिल्यापासून

जुलै-ऑगस्टचे चार आठवडे पाठीवर कोणी बसलं नाही. दोरीवर चालणं, शब्दावर थांबणं, एक पाऊल मागे, खांद्याला बोट लावलं की बाजूला. सगळ्या माणसांनी एकच शब्द वापरायचा ठरवलं: थांबायला "होऽ", चालायला "चल". जिभेचा चकचक आवाज अख्ख्या तबेल्यात बंद. हे सांगायला सोपं; साईस आणि मुलं दोघांच्याही तोंडी तो आवाज इतका बसलेला असतो की आठवडाभर कोणी ना कोणी ओरडा खात होतं.

लंजिंग (लांब दोरीवर गोल फिरवणं) ठेवलं, पण मोजकं: वर्तुळ १८ मीटरपेक्षा लहान नाही, एकूण १० मिनिटं, दर दोन मिनिटांनी हात, म्हणजे फिरण्याची दिशा, बदल. एकाच हाताच्या वळणावर वर्षानुवर्षं पळालेल्या घोड्याचं शरीर एका बाजूला वाकलेलं असतं. कुमाईत डाव्या हाताला मान बाहेर टाकून खांद्यावर पडायचा. त्याला वळवून वळवून सरळ करायच्या भानगडीत न पडता प्रशिक्षकाने दोन लांब लगाम लावून मागून चालत त्याला आवारभर, फाटकातून, ट्रॅक्टरच्या शेजारून फिरवलं. हा प्रकार आपल्याकडे कमी दिसतो. रेसच्या घोड्यासाठी त्याहून उपयोगी काही नाही, कारण त्याला पाठीवर कोणी नसताना लगामाचा नवा अर्थ कळतो: धरलं की थांब, लगेच ढिल.

बिट बदलला. मधे छोटा तुकडा असलेला, सुट्या कड्यांचा साधा स्नॅफल, तोंडाच्या मापाचा. खोगीरही बदललं, आणि पाठीचे स्नायू भरत गेले तसं दर सहा आठवड्यांनी पुन्हा पाहिलं. जानेवारीत खोगिराचा सांगाडा एक माप रुंद करावा लागला.

ऑगस्टच्या मध्याला ओट्यावरून चढणं सुरू झालं. ओट्याजवळ उभा राहिला की ओंजळभर लसूणघास आणि परत खोलीत. पहिल्या आठवड्यात एवढंच. मग ओट्यावर माणूस, मग पाठीवर हात, मग रिकिबीत पाय आणि परत खाली, मग पोटावर आडवं पडणं. बसल्यावर लगेच चालू द्यायचं नाही, दहा आकडे मोजायचे. गुळ किंवा साखर बक्षीस म्हणून दिली नाही, अल्सरच्या घोड्याला ती नकोच.

पहिला पूर्ण महिना फक्त वॉक. पायाचा इशारा शिकवायला खाली एक माणूस चाबकाच्या टोकाने हलकं टेकवायचा त्याच क्षणी वरचा पाय लावायचा. लगाम दोन्ही हातांनी एकसाथ कधीच आखडायचे नाहीत. एका बाजूचा लगाम मुठीत घट्ट, सोड, घट्ट, सोड. घाबरल्यावर धरायला घोड्याच्या मानेभोवती चामड्याचा पट्टा. सरळ बसून पूर्ण वजन टाकायचं तेही थोडं थोडं.

गणेशोत्सवात जवळच्या रस्त्यावर ढोल-ताशांची तालीम सुरू झाली. त्या दिवसांत काम बंद ठेवायचं की चालू? बंद ठेवलं तर घोडा खोलीत एकटा आवाज ऐकत उभा राहतो. त्यांनी वेळ सकाळी नेली आणि संध्याकाळी तालमीच्या वेळी त्याला वयस्क घोडीसोबत दूरच्या पॅडॉकमध्ये गवतावर ठेवलं. तिसऱ्या दिवसापासून तो मान वर करून ऐकायचा आणि परत खायचा. हा निर्णय अगदी बरोबर बसला.

सप्टेंबर-ऑक्टोबर ट्रॉट. जमिनीवर बांबू टाकून वॉकसाठी ८०-९० सेंटिमीटर, ट्रॉटसाठी १.३० मीटरचं अंतर. बांबूंकडे पाहताना घोडा पुढे पळायचं विसरतो. मग एक घोडा सोबत, मग दोन, मग मागून येणारा. जूनमधला प्रसंग मुद्दाम पुन्हा घडवला, पण वॉकमध्ये आणि २० मीटरवरून.

टेंडनचा अडसर

ऑक्टोबरच्या अखेरीस कॅंटर सुरू केला. आधी लंजवर, मग पाठीवर माणूस घेऊन कोपऱ्यातून सहा-आठ ढांगा आणि लगेच ट्रॉट. रिकिबी लांब, अंग सरळ. पुढे झुकायचं नाही. घोडा समजूतदारपणे वागला. पण नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी खरारा करताना साईसला डाव्या पुढच्या पायाच्या नळीमागे ऊब लागली. लंगडत नव्हता, सूज करंगळीएवढी.

सोनोग्राफीत टेंडनमध्ये जुना, भरून आलेला व्रण दिसला. धागे सरळ न राहता विस्कटलेले. नवीन फाटलेलं काही नव्हतं. म्हणजे रेसच्या काळात टेंडन एकदा गेलं होतं आणि घोडा देताना ते कोणी सांगितलं नव्हतं, किंवा शाळेने विचारलं नव्हतं. दोन्ही शक्य आहे.

तात्कालिक कारण पायाखाली सापडलं. पावसाळ्यानंतर अरीनात नवी वाळू टाकली होती, ती काही ठिकाणी १५ सेंटिमीटर खोल आणि सुटी होती. अशा वाळूत खूर रुततो आणि टेंडन ताणलं जातं. घट्ट थरावर ६-७ सेंटिमीटर वाळू पुरे. जादा वाळू काढून, पाणी मारून रोलर फिरवला.

इथे अल्सरचा इतिहास कामाला आला. एरवी अशा वेळी सरसकट ब्यूट (फेनिलब्यूटाझोन, सूज आणि दुखणं कमी करणारं औषध) दिलं जातं. पण ते औषध जठराला त्रास देतं, म्हणून डॉक्टरांनी टाळलं. दिवसातून दोनदा २० मिनिटं गार पाण्याची धार, बँडेज, तीन आठवडे फक्त हाताने चालवणं, मग पुन्हा सोनोग्राफी. चित्र तसंच होतं, ऊब गेली होती. डिसेंबरमध्ये वॉक आणि ट्रॉट, कॅंटर जानेवारीत.

दिवाळीची बॅच कुमाईतशिवाय पार पडली. मालकाने त्या वेळी नाराजी दाखवली नाही, पण खर्चाची वही मागवली.

निकाल

पुढच्या एप्रिलमध्ये, बरोबर वर्षाने, कुमाईत तिन्ही चालींत दोन्ही हातांना चालत होता, ओट्याजवळ उभा राहत होता, सुरुवातीच्या पातळीची ड्रेसाज (चालींची आणि आज्ञापालनाची) चाचणी पुरी करत होता. ६० सेंटिमीटरपर्यंत उड्या, आठवड्यातून एकदाच, मऊ पण घट्ट जमिनीवर. त्याहून वर नाही, हे डॉक्टरांनी लिहून दिलं. मोकळ्या मैदानात इतर घोड्यांसोबत कॅंटर अजूनही करत नाहीत. करावं असं प्रशिक्षकाला वाटत नाही.

मुलांच्या बॅचला तो चालला नाही, आणि चालणारही नाही. नवशिक्या मुलाचा हात तोल गेला की लगामाला जातो, तेच या घोड्याचं जुनं बटण. एका चाचणीत दहा वर्षांच्या मुलीला लंजवर बसवलं. घोडा नीट वागला, पण तिचा तोल जाताच त्याची मान ताठ झाली आणि प्रशिक्षकाने प्रयोग तिथेच थांबवला. शेवटी एका अनुभवी प्रौढ रायडरने त्याला अर्ध्या लीजवर घेतलं: आठवड्यातून चार दिवस तिचे, दोन शाळेच्या मोठ्या विद्यार्थ्यांचे, एक सुट्टी. खर्चाचा साधारण अर्धा भार त्यातून निघतो. मुलांसाठी शाळेने एक वयस्क, गावठी, बारीक चणीचा घोडा घेतला. तो हरघडी ढिम्म असतो आणि शाळेचा सर्वांत कमावता घोडा आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, घोडा पाहण्याआधी तो कोणासाठी हवाय ते ठरवायला हवं होतं. मुलांसाठी हवा असता तर रेसच्या घोड्याकडे बघायचीच गरज नव्हती. अनुभवी रायडरसाठी हवा असता तर दिवाळीची तारीख पहिल्याच दिवशी गळून पडली असती.

घेताना दोन्ही पुढच्या पायांची सोनोग्राफी आणि जुन्या तबेल्याकडून गेल्या वर्षभरातल्या उपचारांची यादी. ट्रेनर विचारलं तर बहुधा सांगतात. न विचारता सांगायची पद्धत नाही. जुना व्रण कळला असता तरी घोडा घेता आला असता, फक्त उड्यांचा विचार सुरुवातीपासून बाजूला ठेवून आणि वाळूची खोली आधी तपासून.

पहिल्या दिवसापासून खुराक बदलणं आणि किमान आठ आठवडे पॅडॉकची विश्रांती. १८ दिवस खोलीत उभं करणं ही विश्रांती नव्हे. यावर एक रास्त आक्षेप आहे: मेच्या उन्हात थरोब्रेडला दिवसा बाहेर ठेवता येत नाही. ते खरं, पण पहाटे पाच ते नऊ आणि संध्याकाळनंतर सोडता येतंच.

स्कोपबद्दल मतभेद होऊ शकतो. ज्या गावात ३ मीटरचा स्कोपच मिळत नाही, तिथे लक्षणं इतकी स्पष्ट असताना औषध सुरू करून दोन आठवडे वाट पाहणं चूक म्हणता येणार नाही. मात्र त्या दोन आठवड्यांत काम बंद हवं, औषधाने फरक पडला की विश्रांतीने, हा प्रश्न मग सुटत नसला तरी.

म्हाताऱ्या साईसला मेमध्येच विचारता आलं असतं. आता नव्या घोड्याच्या पहिल्या महिन्याची वही त्याच्याकडे असते; तो सांगतो, मुलांपैकी एक जण लिहितो: दाणा किती उरला, लीद कशी, तंगाला कान कुठे गेले, पायाला ऊब आहे का.

लीजच्या करारात शेवटी चार अटी घातल्या गेल्या. मायक्रोचिपचा आणि पासपोर्टचा क्रमांक करारावर नोंदवलेला. वरात, मिरवणूक, चित्रीकरण यांना घोडा द्यायचा नाही. ६० सेंटिमीटरवर उडी नाही. आणि लीज मोडली तर घोडा आधी शाळेकडेच परत येईल, दुसऱ्या कोणाकडे जाणार नाही. चौथी अट घालायला मालक आधी तयार नव्हते, कारण परत आलेल्या घोड्याचा पूर्ण खर्च त्यांच्यावर पडतो. दोन दिवसांनी त्यांनीच फोन करून ती घालायला सांगितली.